एका कान्याचा दावा

द्वारकाबाई पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आल्या, तेव्हा त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला, माझ्यासमोर पसरला, आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मास्तर, एवढा काना काढी द्या."

सुरतच्या कोर्टाबाहेर मी भाषांतराचं टेबल मांडून बसतो. त्याआधी उभी नोकरी उधन्याच्या मराठी शाळेत गेली. पोरं कमी होत गेली, वर्ग एकात एक मिसळले, आणि मी निवृत्त झालो त्या दिवशी निम्मा वर्ग मला 'आवजो' म्हणाला. असो. टेबलाशी माणसं येतात ती मराठी जन्मदाखले, सातबारे, सोडचिठ्ठ्या गुजरातीत करून घ्यायला. जाता जाता वाटेल ते मागतात. कुणाला वय दोन वर्षांनी कमी करून हवं असतं. एकाला सासऱ्याच्या नावामागे कैलासवासी लावून हवं होतं आणि सासरा शेजारच्या बाकावर चहा पीत बसला होता. पण काना काढून घ्यायला तोवर कुणी आलं नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "बाई, हा कोर्टाचा कागद आहे. खोडायला ही काय निबंधाची वही आहे?"

"खोडायचा नहीच," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्यानं लिखेल शे, त्यानंच काढाले पाहिजे."

त्यांचं बोलणं असं होतं. निम्मी मराठी, निम्मी अहिराणी, आणि मध्येच एखादा गुजराती शब्द. मी धुळ्याकडचा, त्यामुळे मला त्यात काही अडत नव्हतं. अडलं ते त्यांच्या बसण्याचं. बाकावर दोन माणसांची जागा मोकळी होती, आणि ही बाई अगदी कडेला, अर्धी हवेत बसलेली. "नीट बसा की," म्हटलं. "राहू द्या," म्हणाल्या आणि मोकळ्या जागेकडे एकदा बघून घेतलं. मला वाटलं, पिशवी ठेवायची असेल. पिशवी शेवटपर्यंत मांडीवरच होती.

कागद मी वाचला. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये द्वारकाबाईंचे यजमान, भास्कर, रंगखात्यात कामाला होते. एका सकाळी पाळी सुटताना ते गरम पाण्याच्या टाकीत सापडले. पोलिसांच्या पंचनाम्यात 'टाकीत पडून' एवढंच होतं. भरपाईच्या अर्जासाठी ही बाई एका वकिलाकडे गेली. वकील आत कुणाशी तरी बोलत होते, म्हणून मुनशीनं बाईंना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "शुं थयुं हतुं, बेन?" बाई म्हणाल्या, "कारखान्यात अपघात झाला." मुनशीनं मान हलवली आणि लिहून घेतलं. गुजरातीत 'आपघात' म्हणजे आत्महत्या. आपल्या अपघाताला ते 'अकस्मात' म्हणतात. मुनशीच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं जे ऐकलं त्याला एक काना दिला, वाक्य सुटसुटीत करून घेतलं, आणि अर्जात आलं: माझ्या पतीने कारखान्यात आपघात केला. खाली वकिलाची सही, त्याखाली बाईंचा अंगठा.

शाळेत मी पोरांना एका कान्यासाठी हातावर पट्टी मारली आहे. आई-बाप भांडायला यायचे, म्हणायचे, एवढ्याशा कान्यानं काय होतं गुरुजी. त्या दिवशी वाटलं, त्या सगळ्यांना बोलावून हा कागद दाखवावा.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. मिलच्या वकिलानं तो अर्ज हातात धरून विचारलं, बायकोच म्हणते नवऱ्यानं जीव दिला, मग आमचा काय दोष? द्वारकाबाईंच्या वकिलांनी तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज द्यायला हवा होता. ते "थई जशे बेन, चिंता ना करो" म्हणत राहिले आणि दोन तारखांना आलेच नाहीत. अर्ज फेटाळला गेला. अपिलाची मुदतही गेली. हे सगळं होऊन गेल्यावर गल्लीतल्या दहावीच्या मुलीनं बाईंना तो कागद वाचून दाखवला. "मावशी, काका पडले म्हणता ना तुम्ही? इथं तर काकांनी आपघात केला असं आहे."

"आता मुदत गेली," मी म्हटलं. "भरपाई मिळायची नाही."

"भरपाई कोन मांगी राह्यनं?" त्या म्हणाल्या. "माले त्यासनी घागर भरनी शे."

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात अखाजी म्हणतो. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आमरस-पुरणाचा नैवेद्य दाखवतात. घागर भरली की तो माणूस पितरांत गेला. द्वारकाबाईंच्या घराण्यात अशी एक रीत की, जीव दिलेल्याची घागर भरायची नाही. आणि भरायची ती थोरल्या भावानं. भास्करचे थोरले भाऊ म्हणजे आप्पा, उधन्यात लूमवर होते. पहिल्या अखाजीला ते हात मागे बांधून उभे राहिले. म्हणाले, "कोर्टाचा कागद बोलतो की त्यानं जीव दिला. खाली तुझाच अंगठा आहे. मी घागरीला हात कसा लावू?"

त्या दिवसापासून द्वारकाबाईंनी अंगठा देणं सोडलं. साड्यांवर टिक्क्या चिकटवायचं काम त्या घरी करायच्या. अंगठ्यावर सरसाचा थर कायमचा. बोलता बोलता तो नखानं खरवडायची त्यांना सवय होती. माझ्या टेबलाशी बसून त्या सही करायला शिकल्या. 'द्वा' लिहायला त्यांना महिना लागला. तोवर मी दोनदा चिडलो आणि एकदा पाटी हिसकावून घेतली. त्यांनी ती शांतपणे परत घेतली आणि पुन्हा 'द्वा' काढला.

आणि एक वाक्य त्यांनी धरलं: "पहिले वाची दखाडा." आधी वाचून दाखवा. वीजबिल घेऊन येणाऱ्याला, रेशनवाल्याला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या नातेवाइकाला, सगळ्यांना हेच. एकदा मेडिकलवाल्याला त्यांनी खोकल्याच्या बाटलीवरचं सगळं वाचायला लावलं. तो इंग्रजीत अडखळत वाचत होता, मागे रांग लागली होती, आणि ही बाई मान डोलावत ऐकत होती. मला हसू आलं होतं तेव्हा.

गुजराती त्या शिकल्या नाहीत. फक्त तो एक शब्द शिकल्या. पण तो असा शिकल्या की, कुठेही असला तरी त्यांना दिसायचा. रस्त्यात पडलेल्या कागदावर, खमणाच्या पुडीवर, रिक्षातल्या शेजारच्या माणसाच्या हातातल्या पेपरात. त्या बातम्या कापून ठेवायच्या. महिन्यातून एकदा ती कात्रणं माझ्या टेबलावर यायची आणि मला एकेक वाचावी लागायची. मला ते काम नकोसं व्हायचं. हिरेकामगार, कॉलेजातली मुलगी, कोणी म्हातारा, सगळ्यांची नावं आणि गल्ल्या. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मराठी आडनाव आलं की हात वर करायच्या. "थांबा. यानं खरंच दिला? का याच्या बायकोनंबी मराठीत सांगेल व्हतं?"

पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा मी उडवून लावलं. दुसऱ्यांदा मी ती बातमी घरी नेली आणि पुन्हा वाचली.

जुन्या वकिलावर निष्काळजीपणाचा दावा लावायचा, हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं ते मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाल्या, "ते बोलले." ते म्हणजे भास्कर. गेलेला माणूस. भूतबीत मी मानत नाही, मी व्याकरण मानतो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "बाई, माझ्यासमोर असलं बोलायचं नाही." त्या म्हणाल्या, "बरं." आणि बाकावर आणखी थोड्या कडेला सरकल्या.

वकिलावर दावा म्हटल्यावर कोर्टातला एकही वकील तयार होईना. सगळे एकमेकांबरोबर रोज चहा पिणारे. एकानं तर मलाच झापलं, "मास्तर, आ बाईने समजावो." वकिलांच्या परिषदेकडे तक्रार केली, तिची पोच इंग्रजीत आली. ती मी वाचून दाखवली. शेवटी नवसारीहून ठाकोरभाई नावाचे एक म्हातारे वकील मिळाले. त्यांचे गुडघे गेलेले होते, त्यामुळे कोर्टाच्या पायऱ्या चढताना ते जोरजोरात देवाचं नाव घ्यायचे. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, या दाव्यात आपल्याला आधी हे सिद्ध करावं लागेल की तो अपघातच होता, आणि मग हे की वकिलानं न वाचता सही केली. "अने बेन, दाव्यात रक्कम लिहावी लागते." बाई म्हणाल्या, "लिखा काहीबी." ठाकोरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

दाव्याचा मसुदा तयार झाला आणि बाईंनी हट्ट धरला की, तो त्यांच्या घरी येऊन वाचायचा. "त्यासलेबी ऐकाले पाहिजे." मी चिडलो, नाही म्हटलं, आणि रविवारी दुपारी चार वाजता पांडेसऱ्याला गेलो.

एक खोली, समोर दोन पायऱ्या, मग उंबरठा. आत टिक्क्यांचे डबे, साड्यांचे गठ्ठे, सगळं स्वच्छ. फक्त उंबरठ्याबाहेरची वरची पायरी सोडून. तिच्यावर रंगाचे थर होते, जुने, एकावर एक. बाईंची चप्पल पायरीवर नव्हती, खाली भिंतीच्या कडेला उभी करून ठेवली होती. मीही माझे बूट तिथेच काढले.

"पायरी का धूत नाही?" मी विचारलं.

"ते उभे राहतस ना."

त्यांनी सांगितलं ते असं. भास्कर रंगखात्यातून यायचे तेव्हा तळपाय रंगलेले असायचे. त्या दारातच विचारायच्या, आज कोणता? ते म्हणायचे, आज हिरवा, आज राणी. मग पाय धुऊन आत यायचे. आताही येतात. पायरीपर्यंत. "पन मझार येतस नही." मझार म्हणजे आत. "कागदवर लिखेल शे ना त्यासनी जीव दिन्हा. मंग कशे येतीन?"

त्या गल्लीत घराघरात रंगखात्यातली माणसं राहतात. रंगलेला पाय कुणाचाही असू शकतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं, पोरांना संधी समजावायचो तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाराकडे तोंड करून माझ्यासाठी पाट मांडला.

मी वाचलं. रिकाम्या दाराकडे तोंड करून, बारा पानं, गुजराती आणि लगेच त्याची मराठी. समोरच्या गल्लीत कुणी नव्हतं. चौथ्या पानावर माझा घसा कोरडा पडला, पण पाणी मागायला मला मागे वळावंसं वाटेना. शेवटचं पान झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "व्हयनं," आणि माझ्या हातातून कागद घेतले. मी उठलो. पायरीवर दोन पाय उमटलेले होते. निळे, ओले, बोटं घराकडे. डाव्या पायाला चारच बोटं होती, करंगळी नव्हती. ठसा उमटताना एखादं बोट राहतं. आणि मी आलो तेव्हा ते तिथे असतीलही, मी नीट पाहिलं नसेल. मी पायरी न तुडवता, लांब पाय टाकून खाली उतरलो. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

दावा लागला. अखाजी आली आणि गेली, पुन्हा आली आणि गेली. दर वेळी बाई कोरी घागर आणायच्या आणि पालथी घालून ठेवायच्या. कोपऱ्यात तीन झाल्या, मग चार.

त्यांची साक्ष मराठीत व्हायची होती, म्हणून कोर्टानं मला दुभाषी नेमलं. शपथ घेऊन मी उभा राहिलो. ठाकोरभाईंनी विचारलं, तुम्ही मुनशीला काय सांगितलं? बाई म्हणाल्या, "अपघात झाला." मी गुजरातीत म्हणालो, "अकस्मात थयो." समोरचा वकील ताडकन उठला. "साहेब, दुभाषी शब्द बदले छे. बेन आपघात बोल्यां. आखी कोर्टे सांभळ्युं." म्हणजे मीच खोटा. सगळ्या कोर्टानं ऐकलं होतं हे खरं, कारण ऐकायला तो शब्द तसाच येतो. आणि टंकलेखकानं काय केलं असेल? त्याच्या पडद्यावर मी वाकून पाहिलं. त्यानं 'आपघात' टाइप करून ठेवला होता. पाच वर्षांपूर्वीची चूक माझ्या डोळ्यांदेखत, दिवसाढवळ्या, पुन्हा होत होती.

बाईंनी माझा चेहरा पाहिला. त्या न्यायाधीशांकडे वळल्या आणि जमेल तेवढ्या गुजरातीत म्हणाल्या, "साहेब, आमारामां रिक्षाचापण अपघात होतो. रिक्षा जीव देती का?"

न्यायाधीशांचा पेन थांबला. त्यांनी विचारलं, मग जीव देण्याला तुमच्यात काय म्हणतात? "जीव दिला म्हणतस," बाई म्हणाल्या. "तो दुसरा शब्द शे. तो मी कधीच बोललेली नही." मी त्याचं भाषांतर केलं. साक्ष संपल्यावर सहीसाठी कागद पुढे आला, तेव्हा बाईंनी पेन हातात घेतला आणि भर कोर्टात म्हणाल्या, "पहिले वाची दखाडा." न्यायाधीश म्हणाले, वाचून दाखवा. सगळं वाचलं गेलं. 'आपघात' तीन ठिकाणी होता, तीनही ठिकाणी दुरुस्त झाला. मग त्यांनी सही केली. 'द्वा' उत्तम आला होता.

जुन्या वकिलांच्या साक्षीच्या आदल्या दिवशी ते स्वतः पांडेसऱ्याला जाऊन आले. हे मला बाईंनी सांगितलं. ते घारीच्या मिठाईचा डबा घेऊन आले होते, मिटवून घेऊ म्हणत होते. माणूस वाईट नव्हता. हाताखाली ढीगभर कामं, सगळ्यांना 'थई जशे' म्हणायची सवय, अशी माणसं मी रोज बघतो. ते पायऱ्या चढून दारात उभे राहिले. बाई आतून म्हणाल्या, "साहेब, तिथं पाय देऊ नका. ते उभे शेतस." वकिलांनी खाली पाहिलं. मग शेजारी पाहिलं. शेजारी काय पाहिलं ते बाईंनी मला सांगितलं नाही. डबा पायरीवर ठेवून ते उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते पिंजऱ्यात उभे राहिले. ठाकोरभाईंनी एकच प्रश्न विचारला, सही करण्यापूर्वी अर्ज वाचला होता का? त्यांच्या बाजूनं तयार केलेलं उत्तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं: वाचला, बेनला समजावला, बेननं मान्य केला. त्यांनी एकदा आपल्या उजव्या बाजूला बघून घेतलं, जागा करून द्यावी तसे थोडे डावीकडे सरकले, आणि म्हणाले, "ना. नहोती वांची."

ते गेल्यावर पिंजऱ्याच्या फळीवर बुटाचा निळा डाग राहिला होता. कोर्टाचा शिपाई फडकं घेऊन आला आणि कुणी शाई सांडली म्हणून कुरकुरत पुसू लागला. पांडेसऱ्यात जाऊन आलेल्या कुणाच्याही बुटाला रंग लागतो. हे मी ठाकोरभाईंना सांगितलं. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं.

निकाल लागला. वकील निष्काळजी ठरले. रक्कम किती ते मी सांगत नाही, कारण बाईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. त्या निकालाच्या पानांवर बोट फिरवत होत्या आणि एका ठिकाणी थांबल्या. चेहरा उतरला. "मास्तर, आठे तर तो अजून शे. काना." मी पाहिलं. म्हटलं, "तो अवतरण चिन्हांत आहे, बाई. शब्दाला दोन्ही बाजूंनी पकडून ठेवलंय. पुढचं ऐका." आणि वाचलं: वादीच्या पतीचा मृत्यू अकस्माताने झाला असून 'आपघात' हा शब्द प्रतिवादीच्या कचेरीच्या चुकीने पडला आहे. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून सात वेळा वाचून घेतलं. मग कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला.

त्या वर्षीच्या अखाजीला मी होतो. आप्पा आले होते, नवं धोतर नेसून. हाडापेरानं मजबूत माणूस. बाईंनी कोपऱ्यातल्या चारही घागरी सोडून पाचवी, नवी आणली होती. आधी मी दारात उभा राहून ते वाक्य मराठीत वाचलं, बाहेरच्या बाजूला तोंड करून. मग आप्पांनी घागर भरली, वर डांगर ठेवलं, आणि भावाचं नाव घेतलं. सकाळचे दहा वाजले असतील. दारातून ऊन आत आलं होतं. आम्ही सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले, आणि उघडले.

उंबरठ्याच्या आत पाय उमटले होते. एक, दोन, तीन, घागरीपर्यंत. लाल, ओले. मी मनातल्या मनात गल्लीतल्या माणसांची नावं घेऊ लागलो, आता कोण आलं असेल, कोण डोकावून गेलं असेल. तेवढ्यात आप्पा खाली बसले. त्यांनी डाव्या पायाच्या ठशाजवळ बोट नेलं, पण लावलं नाही.

"लहानपणी," ते म्हणाले, "चारा कापताना माझाच विळा लागला त्याला. करंगळी तिथंच राहिली शेतात. आईला आम्ही दोघांनी सांगितलं, दगड पडला. हे मी कुणाला कधी बोललो नाही."

द्वारकाबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. हसत होत्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ठसे बाहेरून आत आले होते. आतून बाहेर गेलेला एकही नव्हता, पण हे माझ्या लक्षात घरी पोचल्यावर आलं.

त्यानंतर बाई कोर्टाकडे आल्या नाहीत. यायचं कारणही उरलं नव्हतं. कात्रणं यायची थांबली, मला बरं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही. पावसाळा सरल्यावर एका कामासाठी मी पांडेसऱ्याला गेलो, तेव्हा म्हटलं, डोकावून यावं.

त्या पायरीवर बसल्या होत्या. हातात घासणी, शेजारी पाण्याची बादली. पायरी घासून घासून पांढरी झाली होती, दगडाचा मूळ रंग मी पहिल्यांदा पाहत होतो. चप्पल पायरीवर, दाराच्या मधोमध. मी "काय बाई, कसं काय?" म्हटलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. किती वाळल्या होत्या.

"आते येतस नही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "चांगलं झालं की. पितरांत गेले. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"मझार या एवढंच म्हनं व्हतं मी," त्या म्हणाल्या. "जा कोठे म्हनं व्हतं?"

अंगठ्यावरचा सरस त्या खरवडत राहिल्या. मी उभा राहिलो. मग मी निघालो. दोन घरं पुढे गेलो असेन, तेव्हा मागून हाक आली. वळून पाहिलं. त्या पायरीवर उभ्या होत्या, अगदी कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तो काना परत लिखता यी का?"